पौलस मास्तरांची तीन कोहळी

पौलस मास्तरांना बसून बोलता येत नसे. विषय निघाला की खुर्ची मागे, हात वर, आणि "ऐका, ऐका, ऐका!" असं तीनदा. मग समोर केंद्रप्रमुख असो नाहीतर खिचडी शिजवणारी मदतनीस, सुटका नाही. आणि विषय तरी कोणता? रक्त! बकऱ्याचं, बैलाचं, कोकराचं. सकाळी साडेदहाला, पोरांची प्रार्थना संपते न संपते तोच हा माणूस रक्तावर बोलतोय. पहिल्या दिवशी मी मनात म्हटलं, अगं बाई, कुठे येऊन पडलीस तू!

मी चिमूरची, कुणब्याची. डोकं गरम, तोंड फाटकं, हे मीच सांगते, म्हणजे दुसऱ्या कुणाला सांगायला नको. बदली झाली ती धानोऱ्याच्या पलीकडे, जंगलातल्या दोनशिक्षकी शाळेत. दुसरे शिक्षक म्हणजे हे. अकरा वर्षं आम्ही एका भिंतीच्या दोन बाजूंना शिकवलं. ती भिंत इतकी पातळ की त्यांच्या वर्गातला बायबलमधला मोशे माझ्या वर्गातल्या गुणाकारात येऊन बसायचा.

मास्तर जातीनं गोंड. शाळेपासून सात किलोमीटरवरच्या गावात जन्मले. आईबापानं ठेवलेलं नाव पैकू. शिक्षकाचं ट्रेनिंग घेताना ख्रिस्ती झाले आणि पौलस झाले. शाळेच्या मागे टिनाचं छप्पर घातलेलं एक प्रार्थनाघर होतं, दहा-बारा घरांचं. तिथे दर रविवारी तेच उपदेश करायचे. चंद्रपूरहून एक तरुण पाळक, म्हणजे पाद्री, महिन्यातून एकदा यायचे, बाकी सगळा कारभार मास्तरांचा. अंगानं एवढेसे, शर्टाच्या दोन्ही खिशांत खडू. पांढरा खडू पोरांसाठी, लाल खडू शास्त्रासाठी, म्हणजे बायबलसाठी. लाल संपला की माझ्या वर्गात येऊन उचलून न्यायचे आणि वर मलाच म्हणायचे, "बाई, तुमाले लाल काऊन लागते? तुमी त गणित शिकवता!"

एकदा मधल्या सुट्टीत त्यांनी मला गाठलं.

"बाई, करार म्हंजे काय, सांगा बरं."

"सही, अंगठा, शिक्का."

"चूक!" खुर्ची मागे गेली. "ऐका, ऐका, ऐका! करार म्हंजे सोयरीक. मोशेनं डोंगराखाली काय केलं? बैल कापले. अर्धं रक्त वेदीवर शिंपडलं. अन् अर्धं?"

"मला काय माहीत?"

"लोकायच्या अंगावर! इकडंबी तेच रक्त, तिकडंबी तेच. देव अन् माणूस एका रक्ताचे झाले. आता सोडून जाता येते का? भावाले भाऊ सोडते का?"

एवढं बोलून ते खिडकीबाहेर बघत बसले. तेव्हा मला कळलं नाही. पुढे कळलं.

मी हार जाणारी नव्हे. मी म्हटलं, "मास्तर, आमची मरीमाई कोंबडा घेते, तुमचा देव बैल घेतो. फरक काय? पोट मोठं, एवढाच?" वाटलं चिडतील. छे! माणूस टाळी वाजवून नाचला. कोंबडा कोणी धरला, मान कुठल्या दिशेला केली, रक्त जमिनीवर पडू दिलं की भांड्यात घेतलं, सगळं विचारून घेतलं. मग म्हणाले, "हेच त सांगून राह्यलो! इथल्या माणसाले शास्त्र लवकर समजते. शहरातल्या माणसाले कोंबडा पिशवीत सोलून भेटते, त्याले काय समजन? पण एक ध्यानात ठेवा बाई. देवाले रक्त प्याले लागत नाई. ते लाच नोहे. रक्त म्हंजे मरण नोहे, जीव हाय जीव! म्हून शास्त्र म्हणते का रक्त खाचं नाई, तो जीव देवाचा हाय. करारात रक्त ठेवलं म्हंजे माणूस सांगते का शब्द मोडला त माया जीव घे. जिभेनं बोललेलं कोणीबी फिरवते. जीव ठेवला का फिरवता येत नाई."

मरीमाईला कोंबडा देताना मी आजवर इतका विचार केला नव्हता, हे कबूल करते. त्या वर्षी आषाढात कोंबड्याची मान धरताना माझा हात जरा थांबला.

आता खिडकीबाहेर काय होतं ते सांगते. बाहेर रस्ता होता. तो रस्ता मास्तरांच्या मोठ्या भावाच्या गावाला जात होता.

भावाचं नाव दसरू. त्या गावचा गायता, म्हणजे गावच्या देवाची पूजा करणारा. बाप लवकर गेला, तेव्हा याच दसरूनं पैकूला खांद्यावर बसवून आश्रमशाळेत नेऊन घातलं होतं. पैकू शिकला, ख्रिस्ती झाला, घरी आला. त्या वर्षी त्यांच्या पेनाची, म्हणजे कुळाच्या देवाची, मोठी पूजा होती. बकरा कापला की कुळातल्या प्रत्येक घराला पानावर वाटा देतात. ज्यानं वाटा घेतला तो कुळातला. दसरूनं सगळ्यांसमोर धाकट्या भावापुढे पान धरलं. पैकूनं हात मागे घेतले आणि म्हणाला, "मी हे खात नाई."

झालं! दसरू एवढंच बोलला, "माया अंगणात पाय ठेवू नोको. येशीन त दंडाचा बकरा घेऊन ये." त्यांच्यात रीत तशीच आहे. जो तोडून गेला त्यानं बकरा आणायचा, पंचांसमोर कापायचा, सगळ्यांनी मिळून जेवायचं. मग तो परत घरचा. मास्तर बकरा नेईनात. क्रुसावर एकच बळी होऊन गेला, आता दुसरा लागत नाही, हा त्यांचा विश्वास. दसरू बकऱ्याशिवाय घरात घेईना. अशी बत्तीस वर्षं गेली. धानोऱ्याच्या बाजारात दोघं भाऊ एकाच कांदेवाल्याकडे एकमेकांना पाठ करून उभे राहायचे. मी डोळ्यांनी पाहिलंय. दसरूभाऊंनी भाव विचारायचा आणि त्याच भावानं मास्तरांनी घ्यायचं, बोलणं नाही. मला असा राग यायचा! दोघांच्या पाठीत एकेक धपाटा घालावासा वाटायचा.

मी एकदा म्हटलंच, "मास्तर, न्या की एक बकरा. काय बिघडतं?"

"बाई, मले दुसरं काई नाई पायजे," ते म्हणाले. तेवढ्यापुरते बसून होते. "मरायच्या आंधी एक डाव दादाच्या अंगणात जेवाचं हाय. पण मी बकरा नेला त तीस वरसं जे बोललो ते खोटं होते. काय करू?"

मी हजेरीपट उचलून वर्गात गेले. 

आणि मग ती कोहळी!

एका रविवारी मास्तरांना अब्राहामाचा करार शिकवायचा होता. ही त्यांची सगळ्यात लाडकी गोष्ट. देवानं अब्राहामाला गाय, बकरी आणि एडका आणायला सांगितलं. त्यानं ती मधोमध चिरून समोरासमोर मांडली. दोन पक्षी होते, ते चिरले नाहीत. जुन्या काळी करार करणारे दोघंही त्या तुकड्यांमधून चालत जायचे. जो शब्द मोडेल त्याची अशी गत होवो, हा त्याचा अर्थ. हे पोरांना फळ्यावर काय समजणार? म्हणून मास्तरांनी माझ्या परसातली तीन मोठी कोहळी मागून नेली. मला वाटलं, भाजी करतील!

त्यांनी कोहळी चिरली. फोडींना गेरू फासला, म्हणजे लालभडक दिसावं. प्रार्थनाघराच्या दारापासून रस्त्यापर्यंत दोन रांगा मांडल्या. पक्ष्यांच्या जागी दोन अख्खी वांगी. आणि शास्त्रात सूर्य मावळल्यावर धूर निघणारी भट्टी नि पेटती मशाल त्या तुकड्यांमधून गेली असं आहे, म्हणून दिवस बुडताना एका हातात धुपाटणं आणि दुसऱ्या हातात टेंभा घेऊन हा माणूस त्या लाल फोडींमधून एकटाच चालत रस्त्यावर आला. त्या दिवशी अमावास्या होती. मास्तरांच्या घरी टांगलेल्या ख्रिस्ती कॅलेंडरात अमावास्या छापत नसत!

रस्त्यानं मोहफुलांच्या टोपल्या घेऊन बाया येत होत्या. टोपल्या तिथेच टाकून पळाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी कोणाचं तरी वासरू पोट फुगून मेलं आणि गाव म्हणालं, मास्तरानं करणी केली.

हसू नका. आमच्याकडे करणीचा संशय म्हणजे खेळ नाही. शाळेच्या पटांगणात सगळं गाव जमलं, दोघांच्या हातात काठ्या होत्या. मी मधे जाऊन उभी राहिले आणि गावातल्या एकालाही सोडलं नाही. "कोहळी माझ्या परसातली आहेत, मलाही धरा!" म्हणून ओरडले. पोलीस पाटील शहाणा. तो म्हणाला, आपण भांडून काही होत नाही, शेजारच्या गावचा गायता बोलवा, तो सांगेल करणी आहे का नाही. शेजारच्या गावचा गायता कोण? दसरू!

दसरूभाऊ आले. उंच, वाळलेले, खांद्यावर कुऱ्हाड, डोक्याला पांढरं फडकं. बत्तीस वर्षांनी भाऊ भावासमोर उभा राहिला आणि परक्यासारखं विचारलं, "मास्तर, हे काय होय?"

मास्तरांचा चेहरा! भीती कुठल्या कुठे पळाली. भाऊ आपल्याला गोष्ट विचारतोय, एवढंच त्यांना दिसत होतं. "ऐका, ऐका, ऐका!" म्हणून जे सुरू झाले, ते गोंडीत, झाडीबोलीत, हातवारे करत. काठ्यावाले खाली बसले. अब्राहाम कसा म्हातारा, पोर नाही, जमीन नाही, देवानं शब्द दिला, जनावरं चिरून मांडली, अंधार पडला.

दसरूभाऊंनी मधेच विचारलं, "मंग दोघंबी चालले?"

"नाई ना! तीच त गंमत! म्हाताऱ्याले झोप लागली. देव एकटाच चालला."

"एकटाच?"

"एकटाच! दोघायची शपथ एकट्यानं वायली. शब्द मी मोडो का तू मोड, मरन मी. अन् मंग खरंच मेला बी, त्याचाच लेक, क्रुसावर. मरायच्या आंधी शिष्यायसंग जेवाले बसला, अन् पेला पुढं करून म्हणला का हा करार माया रक्ताचा हाय."

 दसरूभाऊंनी एक फोड उचलली. वास घेतला. बोटानं गेरू पुसून काढला, तुकडा मोडून तोंडात टाकला, चावला.

"कोहळं हाय," ते म्हणाले. "कोहळ्यानं वासरू मरत नाई. ओला चारा जास्त खाल्ला असंन त्यानं. भाजी करून टाका."

आणि कुऱ्हाड खांद्यावर टाकून निघून गेले. मागे वळून पाहिलं नाही. गाव हसत घरी गेलं. मी उरलेल्या कोहळ्याची गूळ घालून बोंडं तळली आणि काठ्यावाल्यांच्या घरी आधी पाठवली. मास्तर मात्र दोन दिवस एकच वाक्य बोलत होते, "बाई, दादानं विचारलं, एकटाच? ऐकलं ना तुमी?"

तीन आठवड्यांनी बाजारात दसरूभाऊंच्या सुनेनं माझा पदर ओढला. "बाई, मास्तरले सांगजा. मामाजी उद्या दंडाचा बकरा कापून राह्यले. आपल्याच गोठ्यातला. मास्तरले जेवाले बलावलं."

मी म्हटलं, "दंड तर मास्तरांचा ना?"

"मले काय मालूम, बाई. तेच कापून राह्यले."

अहो, मी कांदे तिथेच विसरले! स्कुटी काढली ती थेट प्रार्थनाघर. तिथे नेमके ते चंद्रपूरचे तरुण पाळक आलेले. मी धापा टाकत सगळं सांगितलं. मास्तरांना आधी समजलंच नाही. मग समजलं आणि ते भिंतीला टेकले.

पाळक माणूस चांगला, मनाचा खरा. हळूच म्हणाले, "मास्तर, तो बकरा त्यांच्या देवापुढे दाखवलेला असणार. तुम्हीच इतकी वर्षं ते खाल्लं नाही. तुम्ही जेवलात तर मला तुम्हाला उपदेशाला उभं राहू देता येणार नाही."

तीस वर्षं त्या टिनाखाली मास्तर उभे राहिले होते. तीच त्यांची सगळी कमाई. त्यांनी खिशातला लाल खडू काढला, बोटांत फिरवला.

"पाळकसाहेब," ते म्हणाले, "बकरा दुसऱ्यानंच भरला, आपल्याले भरा लागत नाई, हेच मी तीस वरसं सांगून राह्यलो ना? आता माया भावानं माया बकरा भरला. अन् मी म्हणू का जेवत नाई?"

पाळकांच्या डोळ्यांत पाणी आलं. पण ते म्हणाले, "माझा नाइलाज आहे, मास्तर."

"हाव. मालूम हाय मले," मास्तर म्हणाले आणि खडू त्यांच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना स्कुटीवर घेऊन गेले. सात किलोमीटर एक शब्द नाही. स्कुटीवर उभं राहता येत नाही, म्हणून असेल असं मी मनाशी म्हटलं, पण पाठीमागे त्यांचा श्वास ऐकू येत होता, शर्यतीत धावणाऱ्या पोरासारखा.

अंगणात पंच बसले होते, चुलीवर मोठं भांडं रटरटत होतं. मास्तर अंगणाच्या कडेला थांबले. पाय आत टाकेनात.

"दादा, बकरा मी आणाचा होता."

"हाव, तुलेच आणाचा होता," दसरूभाऊ म्हणाले. "बत्तीस वरसं वाट पायली. तू आणत नाईस, अन् मी आता म्हातारा झालो. दंड तुयाच हाय. बकरा माया हाय. ये आत."

मास्तर आत आले आणि मटकन खालीच बसले. मला वाटलं, चक्कर आली. जवळ गेले तर माणूस हसतोय आणि रडतोय, दोन्ही एकदम. "बाई, पायलं का? पायलं का तुमी? एकटाच चालला ना हा!" मी काय सांगू, माझ्याच अंगावर काटा आला. मी तापट बाई, रडणं मला जमत नाही. पण त्या दिवशी पदर ओला झाला.

मी दसरूभाऊंना विचारलं, "भाऊ, त्या दिवशीच्या गोष्टीवरून सुचलं का तुम्हाला?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की ही बाई शिकलेली आहे आणि तरी विचारते. "गोष्टीचं मले काई समजलं नाई, बाई. मले भाऊ पायजे होता."

लगेच उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि पुढच्याच महिन्यात माझी बदली झाली, थेट घुग्घुसजवळ. जाण्याच्या गडबडीत मास्तरांची नीट भेट झाली नाही. त्या पावसाळ्यात ते गेले, आणि नाल्याला पूर होता म्हणून मी पोचू शकले नाही. दसरूभाऊंनी खांदा दिला, पाळकांनी प्रार्थना म्हटली, असं कळलं. रविवारच्या उपदेशाला मास्तर पुन्हा कधीच उभे राहिले नाहीत. मागच्या बाकावर बसायचे म्हणे.

म्हणून माझ्याजवळ त्यांचं शेवटचं जे आहे ते त्या अंगणातलं. पळसाच्या पानांच्या पत्रावळी मांडल्या होत्या. दसरूभाऊंनी पहिला वाटा उचलला आणि भावापुढे धरला.  सगळे पंच बघत होते. मास्तरांनी दोन्ही हात पुढे करून तो घेतला, कपाळाला लावला, आणि लगेच सुरू, "ऐका, ऐका, ऐका! मोशे जवा डोंगरावर सत्तर म्हाताऱ्यायले घेऊन..."

"पैकू," दसरूभाऊ म्हणाले. "जेव आंधी. थंडं होते."

मास्तरांनी पत्रावळ पुढे ओढली. खाली बघून जेवायला लागले, भराभर, लहान मुलासारखे, रस्सा कोपरापर्यंत ओघळला तरी पुसेनात. सगळं संपवलं. मग कोणी विचारायच्या आतच त्यांनी रिकामी पत्रावळ उचलून भावापुढे केली आणि म्हणाले, "दादा, अजून वाढ."